साखळी ते सुनौली: एका कॅम्परव्हॅनचा हिशेब

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. गाडी ठोकली, जळाली, दरीत गेली की मला बोलावणं येतं. जायचं, फोटो काढायचे, टेप लावून मोजायचं आणि काय झालं असावं ते लिहून द्यायचं. म्हणजे माझा सगळा धंदा घडून गेल्यानंतरचा. गाडी निघायच्या आधी कुणी मला विचारलं असं बावीस वर्षांत एकदाच झालं, आणि विचारणारा माझाच आतेभाऊ, दादा, होता. त्याच्या परवानगीने, नावं गाळून, ते प्रकरण इथे मांडतोय.

आत्या गोव्यातल्या साखळीची, वय ७१. काका गेल्यापासून तिच्या मनात एकच होतं: काशी करायची आणि तिथून पशुपतिनाथाला जायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, रेल्वेच्या डब्यात चढणं-उतरणं जमत नाही, आणि दर दोन तासांनी लघवीला जावं लागतं. हा शेवटचा मुद्दा घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण साऱ्या बेताचं मूळ तिथे होतं. ढाब्यावरचे संडास बघून वहिनी आधीच धास्तावल्या होत्या. दादाने मग जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली आणि आत दोन पलंग, ओटा, फ्रिज, टाकी आणि संडास असं सगळं बसवून घेतलं. एका जागी बसून प्रवास, स्वतःचा संडास, आत्याला चपाती गरम. बेत असा: बेळगाव, सोलापूर, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, काशी, मग गोरखपूरवरून सुनौलीची सीमा ओलांडून नेपाळ. सीमेपर्यंतच सुमारे दोन हजार किलोमीटर.

निघायचं २०२५ च्या दिवाळीनंतर, असं ठरत असतानाच ८ आणि ९ सप्टेंबरला नेपाळ पेटलं. सिंहदरबार, म्हणजे तिथल्या सरकारचं मुख्यालय, जळताना टीव्हीवर दिसला, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, तुरुंगांतून तेरा हजारांहून अधिक कैदी पळाले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने प्रवास पुढे ढकला असं सांगितलं. मुंबईच्या धाकट्या भावाने फोन करून दादाला वेड्यातच काढलं. दादाने मला विचारलं ते तेव्हा: "तू सांग रे, जायचं की नाही?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, तुला ज्याची ज्याची भीती वाटते ते आधी कागदावर लिही.

दादाचा कागद

दोन दिवसांनी त्याने चौदा ओळी आणून दिल्या. अकरा ओळी माणसांच्या होत्या: रात्री दार फोडणारे चोर, पळालेले कैदी, दंगल, सीमेवरचे दलाल, पैसे उकळणारे पोलीस, खोटा अपघात करून भांडणारे, अशा. दोन ओळी रस्त्याच्या: दरड आणि धुकं. एक ओळ, "गाडी बंद पडली तर". गॅसबद्दल ओळ नव्हती. वजनाबद्दल नव्हती. ब्रेकबद्दल नव्हती. दिवसाला किती तास गाडी चालवणार, आणि दुसरा चालक कोण, याबद्दलही काही नव्हतं.

मला यात नवल वाटलं नाही. माणूस परमुलखात निघाला की त्याला आधी परकी माणसं दिसतात, स्वतःची गाडी दिसत नाही. पण मी ज्या गाड्या बघायला जातो त्यातल्या क्वचितच कुणी लुटलेल्या असतात. बहुतेकींत एक दमलेला चालक असतो आणि एक उतार.

त्याला मी २३ ऑगस्ट २०२४ ची आठवण दिली. जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ माणसं गेली. तेव्हा नेपाळात दंगल नव्हती, कुणी कैदी पळालेले नव्हते. त्याच्या दीड महिना आधी, १२ जुलैला, नारायणगढ-मुगलिन रस्त्यावर सिमलताल इथे दरड आली आणि दोन बसगाड्या त्रिशूली नदीत ढकलल्या गेल्या. दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे जायचंच नाही?" हा माणूस असाच आहे, एक तर घोड्यावर नाही तर खाली.

दंगलीची भीती मी उडवून लावली नाही. फक्त तिला मोजायला एक माप लावलं. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघायची, आणि सुनौलीतून मालाचे ट्रक सलग पंधरा दिवस विनाअडथळा जातायत का हे गोरखपूरच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून विचारायचं. टीव्हीपेक्षा ट्रकवाल्यांना खरं कळतं. माल नेणाऱ्याचा रोजचा पैसा त्यात अडकलेला असतो, तो अफवेवर गाडी उभी करत नाही आणि फुशारकीने पुढेही काढत नाही. १२ सप्टेंबरला सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली, पुढच्या मार्चमध्ये निवडणूक जाहीर झाली, आणि ऑक्टोबरात ट्रकांचं उत्तर "चालू आहे" असं येऊ लागलं. माणसांच्या अकरा ओळींपैकी निम्म्या तिथेच गळाल्या.

पलंगाखाली

मग मी गाडी बघायला गेलो. साखळीत घराच्या अंगणात, फणसाखाली उभी. बाहेरून देखणी. आत शिरलो, पलंगाची फळी उचलली, आणि खाली घरगुती लाल सिलिंडर आडवा. आडवा! शेजारी दुसरा, तोही भरलेला. रबरी नळी फळीच्या कडेवरून वाकवून ओट्यापर्यंत नेलेली. आत्या झोपणार ती बरोबर त्याच्यावर.

सिलिंडर उभाच ठेवायचा असतो. आडवा केला की वायूऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये येतो. आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो. गाडीच्या तळाला भोक नसेल तर साचून राहतो आणि फ्रिजची एक ठिणगी पुरते. मी वहिनींकडून भांड्याच्या साबणाचं पाणी घेतलं आणि ब्रशने नळीच्या दोन्ही टोकांना लावलं. रेग्युलेटरकडे काही नाही. ओट्याच्या बाजूला, क्लिपच्या मागे, बारीक फुगे यायला लागले. एक फुगतो, फुटतो, दुसरा. वहिनी बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत्याला तेवढं हाताला धरून खाली उतरवलं.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट दिसली: मागच्या डिकीत छोटा जनरेटर, रात्री एसी चालवण्यासाठी. मी दादाला वडकऱ्याची हकिगत सांगितली. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. पुढे कालिकतच्या एनआयटीच्या लोकांनी तपासलं तेव्हा निघालं की जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला होता. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. झोपलेला माणूस उठतच नाही. दार आतून नीट बंद, चोर येऊ शकत नाही अशी गाडी, आणि मरण डिकीतून.

जनरेटर काढला. नोव्हेंबरात उत्तरेला एसी कशाला हवा, हा प्रश्न खरं तर आधीच कुणी तरी विचारायला हवा होता. एकच सिलिंडर ठेवला, पाच किलोचा छोटा, दाराजवळ पत्र्याच्या कपाटात उभा, पट्ट्याने बांधलेला, तळाला हवेची भोकं. नळी नवी, आयएसआयची. गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर वर आणि कार्बन मोनॉक्साइडचा पलंगाच्या उशाशी. दोन्हींचा खर्च मिळून दादाने सीटांना लावलेल्या रेक्झिनच्या पावपटही नव्हता.

काटा आणि घाट

वजनासाठी उसगावच्या बाजूला एका वजनकाट्यावर नेली. खाण जोरात होती तेव्हा या पट्ट्यात काट्यांना तोटा नव्हता. टाकी भरून, चार माणसं बसवून, सामान टाकून. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा २४० किलो जास्त! काट्यावरचा पोरगा हसला, "मायनिंगची गाडी काय?" दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो पाणी, आणि ती टाकी बसवणाऱ्याने मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेली. टाकी पावच भरायची ठरलं, जनरेटर आणि मोठे सिलिंडर गेलेच होते, वहिनींची पितळी भांडी घरी राहिली, ओट्याचा ग्रॅनाइट काढून सनमायका लावला. दुसऱ्यांदा काट्यावर मर्यादेच्या आत आली, जेमतेम.

चालकाचा प्रश्न सोपा सुटला. पेडण्याचे एक मास्तर, कदंबमधून म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेतून निवृत्त झालेले चालक, दादाच्या ओळखीचे. त्यांनी एकच अट घातली, की आधी चोर्ला घाट करून बघू. केरीवरून वर गेलो, वर चहा घेतला आणि दादा उतरायला बसला. तिसऱ्या गेरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून, जसे आपण सगळे उतरतो. आठेक वळणांनंतर जळक्या ब्रेक-लायनरचा वास गाडीत आला. अंजुणे धरण दिसायला लागलं तिथे ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा चांगलं दोन बोटं खाली जात होतं. मास्तरांनी शांतपणे गाडी कडेला घ्यायला लावली. मागच्या चाकाजवळ हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखं. दादा पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याला त्यांनी दंडाला धरून थांबवलं; तापलेल्या ड्रमवर पाणी टाकलं तर तडकतो. पाऊण तास तिथेच बसलो. मास्तर बोलले तेवढं एकच वाक्य: "ज्या गेरान चडटा, त्याच गेरान देंवप." ज्या गेरमध्ये चढतो, त्याच गेरमध्ये उतरायचं.

गॅरेजमध्ये उघडल्यावर मागचे लायनर काचेसारखे चकाकत होते आणि ब्रेक ऑइल काळं. ते किती वर्षांचं होतं देव जाणे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि मग तापलं की उकळतं. पेडल खाली जातं ते त्या बुडबुड्यांमुळे. लायनर, ऑइल, होज सगळं बदललं. पुढच्या रविवारी पुन्हा चोर्ला, या वेळी दुसऱ्या गेरमध्ये, मास्तरांच्या हाताखाली. खाली येईपर्यंत दादाने ब्रेक मोजून वापरला आणि वास आला नाही. पण मी वहीत लिहिलं: हा घाट अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. नारायणगढपासून काठमांडूपर्यंत घाट, नदी आणि रुंदीकरणाची खोदाई दिवसभर.

कागदपत्रं, थोडक्यात

आरसीवर गाडी अजून प्रवासी ट्रॅव्हलरच होती. आत पलंग आणि ओटा बसवलेला कुठेच नोंदलेला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा फेरफार वाहतूक खात्याकडून मंजूर करून आरसीवर चढवावा लागतो. नाही चढवला तर अपघातानंतर माझ्यासारखा कुणी तरी पहिला तोच फोटो काढतो. नोंद करून घेतली, विमा कंपनीला कळवलं. मग पॉलिसीचं क्षेत्र वाढवून घेतलं. मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरतीच असते. नेपाळ, भूतान, बांगलादेशसाठी जादा हप्ता भरून वेगळं शेपूट जोडावं लागतं. कितीतरी गोमंतकीय गाड्या त्याशिवाय सीमेपार जाऊन येतात आणि काही झालं नाही म्हणून त्यांना कळतही नाही.

बाकी किरकोळ. भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. गाडीसाठी सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरायचं, दिवसांच्या हिशेबाने, आणि एक दिवस जास्तीचाच भरायचा. शंभराच्या नोटांची बंडलं. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. नेपाळ पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, ट्रॅफिक १०३, पर्यटक पोलीस ११४४ हे आकडे दाराच्या आतल्या बाजूला मार्करने. आणि गोव्याची नंबरप्लेट बघितली की प्रत्येक राज्यातला पोलीस आधी दारू शोधतो, म्हणून एकही बाटली नाही, काशीतल्या भटजींच्या जावयाने मागवलेली हुर्राक, म्हणजे काजूची दारूसुद्धा नाही. काजू न्या म्हटलं.

कुठवर

आता खरा प्रश्न उरला. गाडी सीमेपार न्यायची, तर कुठवर?

तारखा आपोआप आखडत गेल्या. पावसाळा संपला म्हणता म्हणता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्व नेपाळात इलामला दरडी कोसळून डझनावारी माणसं गेली, तेव्हा ऑक्टोबर बाद. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तर प्रदेशात आणि तराईत धुकं, तेव्हा तोही बाद. आत्याला विठ्ठलापूरची त्रिपुरारी पुनव चुकवायची नव्हती, वाळवंटी नदीत होड्या सुटताना बघितल्याशिवाय ती कुठेच जात नाही. पुनव ५ नोव्हेंबरला. त्यानंतर निघून महिन्याभरात परत, एवढीच फट.

सुनौलीपासून लुंबिनीपर्यंत सपाट तराई. तिथे गाडी न्यायला माझी हरकत नव्हती. त्यापुढे काठमांडूपर्यंत गाडी न्यावी असं दादाला वाटत होतं, मला नाही. ब्रेक सुधारले होते, पण वजन जेमतेम आत होतं आणि ते सगळं मागे होतं. वर आत्याला दर दोन तासांनी थांबवायचं, आणि त्या रस्त्यावर थांबायला जागा म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला त्रिशूली. ज्या कारणासाठी गाडी घेतली तेच कारण तिथे उलटत होतं.

मी विमान सुचवलं. लुंबिनीजवळच्या भैरहवाहून काठमांडू, अर्ध्या-पाऊण तासाचं. आत्या टीव्ही बघते. "ते पोखऱ्याला पडलं ते?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात ७२ माणसं गेली. त्याआधी मे २०२२ मध्ये जोमसोमच्या वाटेवर पडलेल्या छोट्या विमानात ठाण्याचं एक कुटुंब होतं. नेपाळच्या विमान कंपन्यांना युरोपीय संघाने २०१३ पासून आपल्या आकाशात बंदी घातलेली आहे. हे सगळं मी तिला सांगितलं, लपवलं नाही. पण तरीही माझ्या हिशेबात एका दमलेल्या घरासाठी दोन दिवसांचा तो रस्ता जाऊन-येऊन त्या उड्डाणापेक्षा भारी पडत होता. हा माझा अंदाज, सर्टिफिकेट नव्हे, असंही सांगितलं.

मग मी तिसरा मार्ग काढला आणि तोंडावर पडलो. काशीत ललिता घाटावर नेपाळी मंदिर आहे, लाकडी कोरीवकामाचं, पशुपतिनाथाच्या धर्तीवर नेपाळच्या राजाने बांधवलेलं. म्हटलं, तिथे दर्शन घे, सीमेचा प्रश्नच मिटला. आत्याने चष्मा काढून पुसला. "म्हणजे नक्कल बघायला मी इतकी लांब जाऊ होय रे? तुझ्याकडे आरसीची झेरॉक्स चालते का?"

विमानच ठरलं. दादा आणि आत्या जाणार, वहिनी आणि मास्तर लुंबिनीत गाडीपाशी थांबणार. दिवसाला पाच तासांहून जास्त चाक फिरवायचं नाही, संध्याकाळी पाचच्या आत गाडी उभी, आणि उभी करायची ती पेट्रोल पंपावर, गुरुद्वाराच्या आवारात किंवा भक्तनिवासात. पाचची अट चोरांसाठी घातली असं दादाला वाटलं. मला ती डोळ्यांसाठी हवी होती. नोव्हेंबरात तिकडे सव्वापाचला अंधारतं आणि बिनदिव्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात.

त्याच्या चौदा ओळींपैकी शेवटी चार उरल्या, आणि माझ्या नऊ नव्या आल्या.

८ नोव्हेंबरला सकाळी निघाले. नागपूरजवळ एक टायर बसला, तो बदलला. सुनौलीला भन्सारच्या रांगेत दोन तास गेले आणि एका शिपायाने उलट आत्याला बसायला खुर्ची दिली. पशुपतिनाथ झालं. काशी झाली. विमान हललं तेव्हा आत्याने दादाचा हात धरून रामरक्षा म्हटली, उतरल्यावर कॉफी मागितली. चोर, कैदी, जमाव, कुणी भेटलं नाही.

परतीच्या वाटेवर, जबलपूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर, रात्री साडेआठला आत्या गाडीतून उतरली. दाराखालची घडीची पायरी एका बाजूने खचली. पायरी जमिनीपासून हातभर उंच. आत्याने पडताना डावा हात पुढे केला आणि मनगट मोडलं. गुडघा वाचला. जबलपूरला प्लास्टर, मग दोन दिवस मुक्काम, मग सावकाश घर.

पॉलिसीत असल्या पडण्याला जागा नव्हती, म्हणून क्लेम नाही आणि रिपोर्टही नाही. पण सवयीने मी जुने फोटो काढून बसलो. सिलिंडरच्या कपाटाला तळाची भोकं पाडल्यावर मी दाराशी उकिडवं बसून एक फोटो घेतला होता. भोकं नीट आली आहेत, फोकस त्यांच्यावरच आहे. खाली डाव्या कोपऱ्यात, जरा धूसर, पायरी दिसते. तिच्या बिजागरीला चार बोल्टांची जागा आहे आणि बोल्ट तीन.